व्हिडिओ गेम प्रकारांची कन्सोलनिहाय विक्री

व्हिडिओ गेम प्रकारांची कन्सोलनिहाय विक्री म्हणजे शर्यत, लढत, शूटर, रोल-प्लेइंग, प्लॅटफॉर्म, क्रीडा इत्यादी खेळप्रकारांची परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या गेमिंग कन्सोलांवर होणारी वेगवेगळी विक्री होय. एकाच काळात बाजारात असलेल्या आणि क्षमतेने जवळपास सारख्या असलेल्या दोन कन्सोलांवर एकाच प्रकारच्या खेळांची विक्री फार भिन्न असू शकते. इ.स. १९९० च्या दशकात जपानी रोल-प्लेइंग खेळ प्लेस्टेशनकडे वळले, तर इ.स. २००१ नंतर फर्स्ट-पर्सन शूटर हा प्रकार एक्सबॉक्सची ओळख बनला. कन्सोलची साठवणक्षमता, कंट्रोलरची रचना, कन्सोलचा आधीपासूनचा ग्राहकवर्ग, देशोदेशीच्या आवडीनिवडी आणि प्रकाशक कंपन्यांचे करार ही या फरकांची प्रमुख कारणे आहेत. एखाद्या खेळप्रकाराने कन्सोल बदलल्यास त्याचा परिणाम त्या कन्सोलच्या एकूण यशापयशावर होतो. त्यामुळे हा विषय व्यापारी स्पर्धेइतकाच स्पर्धा कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचा ठरला आहे.

मोजमाप

खेळाची विक्री दोन प्रकारे मोजली जाते. पहिल्या प्रकारात एकूण विकलेल्या प्रती मोजतात. दुसऱ्या प्रकारात कन्सोल विकत घेतलेल्यांपैकी किती जणांनी तो खेळ घेतला, हे प्रमाण काढतात. या दोन पद्धतींतून निघणारे निष्कर्ष नेहमी जुळत नाहीत.

'मारियो कार्ट ८' हा शर्यतीचा खेळ याचे ठळक उदाहरण आहे. इ.स. २०१४ मध्ये तो निन्टेंडोच्या वी यू या कन्सोलवर आला व त्याच्या सुमारे ८४.६ लाख प्रती विकल्या गेल्या. त्याचीच वाढीव आवृत्ती इ.स. २०१७ मध्ये निन्टेंडो स्विचवर आली आणि तिच्या प्रतींची संख्या ६ कोटींच्या पुढे गेली. केवळ प्रती पाहिल्यास हा खेळ स्विचवर कित्येक पटींनी अधिक लोकप्रिय ठरतो. मात्र वी यू हे कन्सोलच मुळात १.३६ कोटी विकले गेले होते, म्हणजे ते घेणाऱ्या दर दहा जणांपैकी सुमारे सहा जणांनी हा खेळ घेतला होता. स्विचची विक्री १५ कोटींहून अधिक असल्याने तेथे हे प्रमाण दर दहामागे चार ते पाच इतके भरते. वी यूच्या ग्राहकांत शर्यतीच्या या खेळाची आवड कमी नव्हती. ग्राहकच थोडे होते.

विक्रीच्या आकड्यांचा अर्थ लावताना पुढील बाबीही लक्षात घ्याव्या लागतात :

- कन्सोलसोबत दिलेले खेळ : 'वी स्पोर्ट्स' हा खेळ जपान व दक्षिण कोरिया वगळता बहुतेक देशांत वी कन्सोलच्या खोक्यातच मिळत असे. त्याच्या ८.२९ कोटी प्रतींचा आकडा स्वतंत्रपणे विकत घेतलेल्या प्रतींचा नाही. एक्सबॉक्स ३६० वरील 'किनेक्ट अॅडव्हेंचर्स' या खेळालाही हेच लागू होते.
- पाठवणी आणि विक्री : कंपन्या अनेकदा दुकानांकडे पाठवलेल्या प्रतींचा आकडा देतात, ग्राहकांनी प्रत्यक्षात घेतलेल्या प्रती त्याहून कमी असू शकतात.
- डाउनलोड आणि वर्गणी : इंटरनेटवरून घेतलेल्या प्रतींचे आकडे सर्व कंपन्या जाहीर करत नाहीत. वर्गणी भरून खेळ मिळणाऱ्या सेवांमध्ये तर 'प्रत' ही कल्पनाच लागू पडत नाही.
- कन्सोलचे आकडे : निन्टेंडो आपल्या कन्सोलांचे व दहा लाखांपेक्षा अधिक विकल्या गेलेल्या खेळांचे आकडे नियमित प्रसिद्ध करते. मायक्रोसॉफ्टने इ.स. २०१५ पासून एक्सबॉक्सच्या विक्रीचे आकडे देणे बंद केले.

इतिहास

सुरुवातीचा काळ

घरगुती कन्सोलच्या आरंभीच्या काळात आर्केडमधील खेळ घरी खेळता येणे हेच ग्राहकांचे मुख्य आकर्षण होते. तैतो या जपानी कंपनीचा 'स्पेस इन्व्हेडर्स' हा इ.स. १९७८ मधील आर्केड खेळ इ.स. १९८० मध्ये अटारी २६०० वर आला, आणि त्यानंतर या कन्सोलची विक्री अनेक पटींनी वाढली. एका खेळासाठी लोक कन्सोल विकत घेतात, हे या घटनेने प्रथमच मोठ्या प्रमाणावर सिद्ध केले.

याच सुमारास मॅटेल कंपनीने इंटेलिव्हिजन हे कन्सोल बाजारात आणले. आर्केड खेळांत अटारीची आघाडी असल्यामुळे मॅटेलने क्रीडा या प्रकारावर भर दिला. लेखक जॉर्ज प्लिम्प्टन यांना घेऊन केलेल्या जाहिरातींमध्ये बेसबॉल व अमेरिकन फुटबॉलचे खेळ दोन्ही कन्सोलांवर कसे दिसतात याची शेजारी-शेजारी तुलना केली जाई. एका खेळप्रकाराच्या आधारे प्रतिस्पर्धी कन्सोलला आव्हान देण्याचा हा आरंभीचा प्रयत्न होता.

सेगा आणि निन्टेंडो

निन्टेंडो एंटरटेनमेंट सिस्टिमवर 'सुपर मारियो ब्रदर्स' (इ.स. १९८५) या खेळामुळे प्लॅटफॉर्म प्रकाराला मध्यवर्ती स्थान मिळाले. सेगाने जेनेसिस या कन्सोलसाठी, जे उत्तर अमेरिकेबाहेर मेगा ड्राइव्ह नावाने विकले गेले, 'सॉनिक द हेजहॉग' (इ.स. १९९१) हा खेळ काढून याच प्रकारात निन्टेंडोला उत्तर दिले. मात्र अमेरिकेत सेगाला वेगळेपण मिळवून देण्यात क्रीडा व लढत या दोन प्रकारांचाही वाटा होता.

इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने जेनेसिसच्या अंतर्गत रचनेचा स्वतः उलगडा केला आणि त्या बळावर सेगाशी आपल्याला अनुकूल असा परवाना करार केला. इ.स. १९९० च्या अखेरीस या कन्सोलवर आलेल्या 'जॉन मॅडन फुटबॉल'मुळे अमेरिकन फुटबॉलचे चाहते जेनेसिसकडे आकर्षित झाले. हे ग्राहक प्लॅटफॉर्म खेळ खेळणाऱ्या मुलांपेक्षा सर्वसाधारणपणे वयाने मोठे होते.

लढतीच्या खेळांत चित्र आधी उलट होते. कॅपकॉमच्या 'स्ट्रीट फायटर २' या आर्केड खेळात ठोसे व लाथा यांसाठी मिळून सहा बटणे वापरली जात. सुपर निन्टेंडोच्या कंट्रोलरवर तेवढी बटणे होती. जेनेसिसच्या मूळ कंट्रोलरवर तीनच होती. इ.स. १९९२ मध्ये सुपर निन्टेंडोवर आलेल्या आवृत्तीच्या ६० लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. पुढील वर्षी सेगाने सहा बटणांचा कंट्रोलर काढला व या खेळाची एक आवृत्ती जेनेसिसवरही आली; तिची विक्री १६ लाखांच्या आसपास राहिली.

'मॉर्टल कॉम्बॅट' या खेळाच्या बाबतीत फरक यंत्राचा नव्हता, धोरणाचा होता. १३ सप्टेंबर १९९३ रोजी तो दोन्ही कन्सोलांवर एकाच दिवशी आला. निन्टेंडोच्या धोरणानुसार सुपर निन्टेंडोवरील आवृत्तीत रक्ताच्या जागी करड्या रंगाचा घाम दाखवला होता. जेनेसिसवर एक संकेत वापरून रक्त दाखवता येत असे. चित्र व ध्वनी यांच्या दर्जात सुपर निन्टेंडोची आवृत्ती सरस असूनही जेनेसिसच्या आवृत्तीची विक्री अधिक झाली. डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये व्हिडिओ गेममधील हिंसेवर सुनावणी झाली आणि इ.स. १९९४ मध्ये खेळांना वयोगटानुसार श्रेणी देणारे ईएसआरबी हे मंडळ स्थापन झाले. त्याच वर्षी या मालिकेचा दुसरा भाग सुपर निन्टेंडोवर रक्तासह प्रकाशित झाला.

रोल-प्लेइंग खेळांचे प्लेस्टेशनकडे स्थलांतर

जपानमध्ये रोल-प्लेइंग हा प्रकार एनिक्सच्या 'ड्रॅगन क्वेस्ट' (इ.स. १९८६) आणि स्क्वेअरच्या 'फायनल फँटसी' (इ.स. १९८७) या मालिकांनी रुजवला. दोन्ही मालिकांचे पहिले सहा भाग आधी निन्टेंडोच्या कन्सोलांवरच आले. त्यामुळे जपानमधील रोल-प्लेइंगचा चाहता म्हणजे निन्टेंडोचा ग्राहक, असे समीकरण रूढ झाले होते.

इ.स. १९९६ मध्ये आलेल्या निन्टेंडो ६४ साठी निन्टेंडोने कार्ट्रिज हेच माध्यम कायम ठेवले. या कार्ट्रिजची क्षमता कमाल ६४ मेगाबाइट होती. सोनीच्या प्लेस्टेशनची सीडी सुमारे ६५० मेगाबाइट साठवू शकत असे, शिवाय तिचा उत्पादनखर्च कमी होता आणि मागणी वाढल्यास नव्या प्रती लवकर काढता येत. माहिती वाचण्याच्या वेगात कार्ट्रिज सरस होते. मात्र दीर्घ कथा आणि चित्रफिती असलेल्या खेळांना वेगापेक्षा जागेची गरज अधिक होती. स्क्वेअरने इ.स. १९९६ मध्ये आपली मालिका प्लेस्टेशनवर नेत असल्याचे जाहीर केले. ३१ जानेवारी १९९७ रोजी 'फायनल फँटसी ७' तीन सीडींवर प्रकाशित झाला. जपानमध्ये पहिल्या तीन दिवसांतच त्याच्या २० लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या आणि कालांतराने जगभरातील विक्री सुमारे एक कोटीपर्यंत पोहोचली. त्याच महिन्यात एनिक्सनेही 'ड्रॅगन क्वेस्ट'चा सातवा भाग प्लेस्टेशनवर काढण्याची घोषणा केली. तो भाग इ.स. २००० मध्ये आला.

याचा परिणाम जपानी बाजारात स्पष्ट दिसला. निन्टेंडो ६४ ची जपानमधील विक्री सुमारे ५५ लाखांवर थांबली. प्लेस्टेशनची तेथील विक्री त्याच्या तिपटीहून अधिक होती. अमेरिकेत, जेथे रोल-प्लेइंग खेळांचे महत्त्व तुलनेने कमी होते, निन्टेंडो ६४ सुमारे दोन कोटी विकले गेले. प्लॅटफॉर्म व शर्यत या प्रकारांत 'सुपर मारियो ६४' आणि 'मारियो कार्ट ६४' यांनी या कन्सोलला मोठी विक्री मिळवून दिली. कन्सोलवर चार कंट्रोलर एकाच वेळी जोडण्याची सोय मुळातच होती. तिचा लाभ रेअर कंपनीच्या 'गोल्डनआय ००७' (इ.स. १९९७) या शूटर खेळाला मिळाला, त्याच्या ८० लाखांच्या आसपास प्रती विकल्या गेल्या.

शूटर खेळ आणि एक्सबॉक्स

फर्स्ट-पर्सन शूटर हा प्रकार मूलतः माउस व कळफलक असलेल्या संगणकांवर वाढला. कन्सोलच्या कंट्रोलरवर अचूक नेम धरणे कठीण मानले जाई. मायक्रोसॉफ्टने इ.स. २००० मध्ये बंजी ही कंपनी विकत घेतली आणि तिचा 'हेलो: कॉम्बॅट इव्हॉल्व्ड' हा खेळ नोव्हेंबर २००१ मध्ये एक्सबॉक्ससोबतच बाजारात आला. दोन अॅनलॉग स्टिकांपैकी एकीने चालणे व दुसरीने पाहणे ही पद्धत, नेम धरण्यास खेळाकडून मिळणारे सूक्ष्म साहाय्य आणि एका वेळी दोनच शस्त्रे बाळगण्याचा नियम यांमुळे हा प्रकार कन्सोलवर सुलभ झाला.

इ.स. २००२ मध्ये एक्सबॉक्स लाइव्ह ही ऑनलाइन सेवा सुरू झाली. ९ नोव्हेंबर २००४ रोजी आलेल्या 'हेलो २' ने पहिल्या चोवीस तासांत साडेबारा कोटी डॉलरची विक्री केली आणि पुढे त्याच्या ८० लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. मूळ एक्सबॉक्सची एकूण विक्री २.४ कोटींच्या आसपास होती, म्हणजे ते घेणाऱ्या दर तिघांपैकी सुमारे एकाकडे हा खेळ होता. तुलनेसाठी, १०.२४ कोटी विकल्या गेलेल्या प्लेस्टेशनवर 'फायनल फँटसी ७' चे प्रमाण दर दहांमागे एक इतके होते. प्लेस्टेशनचा ग्राहकवर्ग विविध आवडींचा होता, तर एक्सबॉक्सचा बहुतांशी एका खेळप्रकाराभोवती जमलेला होता.

जपानमध्ये या एकांगीपणाचा तोटा झाला. तेथे शूटर खेळांना फारशी मागणी नव्हती आणि मूळ एक्सबॉक्सची विक्री पाच लाखांच्या आत राहिली. पुढच्या एक्सबॉक्स ३६० साठी मायक्रोसॉफ्टने 'फायनल फँटसी'चे जनक हिरोनोबू साकागुची यांच्याकडून 'ब्लू ड्रॅगन' (इ.स. २००६) आणि 'लॉस्ट ओडिसी' (इ.स. २००७) हे रोल-प्लेइंग खेळ करून घेतले. 'ब्लू ड्रॅगन'मधील पात्रांची रेखाटने आकिरा तोरियामा यांची होती. जपानमध्ये त्याच्या सुमारे दोन लाख प्रती विकल्या गेल्या. मात्र कन्सोलची तेथील एकूण विक्री सुमारे १६ लाखांपलीकडे गेली नाही. रोल-प्लेइंग प्रकाराचे चाहते एक-दोन खेळांसाठी कन्सोल बदलत नाहीत, असा निष्कर्ष यातून काढला जातो.

वी आणि नवा ग्राहकवर्ग

इ.स. २००६ मध्ये निन्टेंडोने वी हे कन्सोल हाताच्या हालचाली ओळखणाऱ्या कंट्रोलरसह आणले. टेनिस, बोलिंग यांसारखे 'वी स्पोर्ट्स'मधील खेळ कंट्रोलर हलवून खेळता येत, त्यामुळे पूर्वी कधीही गेम न खेळलेले लोक, विशेषतः वयस्क व कुटुंबे, याकडे वळले. व्यायामासाठीचा 'वी फिट' हा खेळ तोलफळीसह विकला जाई, त्याच्या २.२६ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. वीची विक्री १०.१६ कोटींपर्यंत पोहोचली. मात्र हा ग्राहकवर्ग शूटर व मोठ्या रोल-प्लेइंग खेळांचा नव्हता, आणि यंत्राची चित्रक्षमताही प्लेस्टेशन ३ व एक्सबॉक्स ३६० पेक्षा कमी होती. त्यामुळे अन्य प्रकाशकांचे अनेक मोठे खेळ वीवर आले नाहीत. पुढील वी यू या कन्सोलकडे वीच्या ग्राहकांपैकी फार थोडे वळले.

हाती धरण्याची कन्सोले

कॅपकॉमची 'मॉन्स्टर हंटर' मालिका इ.स. २००४ मध्ये प्लेस्टेशन २ वर सुरू झाली. पण जपानमध्ये तिला खरे यश प्लेस्टेशन पोर्टेबल या हाती धरण्याच्या कन्सोलवर मिळाले. चार जणांनी जवळ बसून बिनतारी जोडणीने शिकार करणे हे या खेळाचे वैशिष्ट्य असल्यामुळे सोबत नेता येणारे यंत्र त्यास सोयीचे होते. इ.स. २०१० मधील 'मॉन्स्टर हंटर पोर्टेबल थर्ड' च्या ४५ लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या.

इ.स. २०११ मध्ये या मालिकेचे पुढील भाग निन्टेंडो ३डीएसवर येणार असल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या सोनीच्या प्लेस्टेशन व्हीटाला ही मालिका लाभली नाही, आणि जपानी बाजारात ते ३डीएसपेक्षा फार मागे राहिले. इ.स. २०१८ मध्ये 'मॉन्स्टर हंटर: वर्ल्ड' हा भाग प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन व नंतर संगणकावर आला. ऑनलाइन जोडणीमुळे जवळ बसण्याची अट उरली नव्हती. या भागाची विक्री जगभरात २ कोटींपुढे गेली.

फरकांची कारणे

वरील उदाहरणांवरून खेळप्रकारांच्या विक्रीतील फरकांची कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतात :

- साठवण माध्यम : लांबलचक कथा व चित्रफिती असलेले खेळ अधिक जागा असलेल्या माध्यमाकडे जातात. 'फायनल फँटसी १३' प्लेस्टेशन ३ वर एका ब्लू-रे चकतीत मावला. एक्सबॉक्स ३६० वर त्याला तीन डीव्हीडी लागल्या. तरीही तो दोन्हींवर आला, म्हणजे हे कारण एकटे निर्णायक नसते.
- कंट्रोलर : लढतीच्या खेळांना बटणांची संख्या, शूटरना अॅनलॉग स्टिक, तर कौटुंबिक खेळांना हालचाल ओळखणारी साधने उपयुक्त ठरली.
- आधीचा ग्राहकवर्ग : प्रकाशक ज्या कन्सोलवर त्या प्रकाराचे ग्राहक आहेत तेथेच नवा खेळ काढतात, आणि ग्राहक ज्या कन्सोलवर तसे खेळ आहेत तेच कन्सोल घेतात. हे चक्र एकदा सुरू झाले की मोडणे खर्चिक असते.
- करार व मालकी : एखादा खेळ एकाच कन्सोलपुरता राखण्यासाठी कंपन्या पैसे मोजतात किंवा खेळ बनवणारी कंपनीच विकत घेतात. सोनीची 'ग्रान तुरिस्मो' व मायक्रोसॉफ्टची 'फोर्झा' या शर्यतीच्या मालिका अशा मालकीतून वाढल्या.
- प्रादेशिक आवड : अमेरिकन फुटबॉलचे खेळ मुख्यतः अमेरिकेत, तर 'ड्रॅगन क्वेस्ट' प्रामुख्याने जपानमध्ये विकला जातो.

स्पर्धा कायदा आणि 'कॉल ऑफ ड्यूटी'

१८ जानेवारी २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने अॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही कंपनी ६८.७ अब्ज डॉलरना विकत घेण्याची घोषणा केली. या कंपनीची 'कॉल ऑफ ड्यूटी' ही शूटर मालिका प्लेस्टेशनवरही मोठ्या प्रमाणावर विकली जात असल्याने, ती केवळ एक्सबॉक्सपुरती राखली गेल्यास ग्राहक आपले कन्सोल सोडतील, असा आक्षेप सोनीने घेतला. एका खेळमालिकेमुळे किती ग्राहक कन्सोल बदलतील, हा प्रश्न अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपुढे आणि ब्रिटनच्या स्पर्धा नियामकापुढे मुख्य मुद्द्यांपैकी एक ठरला.

ब्रिटनच्या नियामकाने मार्च २०२३ मध्ये कन्सोल बाजाराविषयीचा आक्षेप मागे घेतला. मालिका प्लेस्टेशनवरून काढल्यास मायक्रोसॉफ्टचे होणारे नुकसान लाभापेक्षा अधिक असेल, असे त्याचे मत झाले. त्याने पुढे विरोध केला तो क्लाउड गेमिंगच्या कारणावरून. जुलै २०२३ मध्ये अमेरिकी न्यायालयाने व्यवहाराला तात्पुरती मनाई करण्यास नकार दिला. 'कॉल ऑफ ड्यूटी' दहा वर्षे उपलब्ध ठेवण्याचे करार मायक्रोसॉफ्टने निन्टेंडो व सोनी या दोघांशीही केले. क्लाउड गेमिंगचे हक्क युबीसॉफ्टकडे देण्याचे ठरल्यावर ब्रिटनची संमती मिळाली आणि १३ ऑक्टोबर २०२३ रोजी व्यवहार पूर्ण झाला.

अलीकडील बदल

खेळनिर्मितीचा खर्च वाढल्यामुळे एकाच कन्सोलपुरता खेळ काढणे अनेक प्रकाशकांना परवडेनासे झाले. स्क्वेअर एनिक्सने इ.स. २०२४ मध्ये अनेक कन्सोलांवर एकत्रित प्रकाशनाचे धोरण जाहीर केले. मायक्रोसॉफ्टचा 'फोर्झा होरायझन ५' एप्रिल २०२५ मध्ये प्लेस्टेशन ५ वर आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पहिल्या 'हेलो'ची नवी आवृत्ती प्लेस्टेशन ५ साठीही काढण्याची घोषणा झाली. यामुळे खेळप्रकारावरून कन्सोल ओळखण्याची पद्धत काही प्रमाणात मागे पडत आहे. निन्टेंडोने मात्र 'मारियो', 'झेल्डा' यांसारख्या आपल्या प्रमुख मालिका आजही स्वतःच्या कन्सोलांपुरत्या राखल्या आहेत.

निवडक कन्सोले व त्यांवरील सर्वाधिक विक्रीचे खेळ

- सुपर निन्टेंडो (४.९१ कोटी) : सुपर मारियो वर्ल्ड — प्लॅटफॉर्म
- सेगा जेनेसिस (सुमारे ३ कोटी) : सॉनिक द हेजहॉग — प्लॅटफॉर्म
- प्लेस्टेशन (१०.२४ कोटी) : ग्रान तुरिस्मो — शर्यत
- निन्टेंडो ६४ (३.२९ कोटी) : सुपर मारियो ६४ — प्लॅटफॉर्म
- प्लेस्टेशन २ (१५.५ कोटींहून अधिक) : ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास — मुक्त जगातील साहस
- एक्सबॉक्स (सुमारे २.४ कोटी) : हेलो २ — शूटर
- वी (१०.१६ कोटी) : वी स्पोर्ट्स — क्रीडा
- निन्टेंडो स्विच (१५ कोटींहून अधिक) : मारियो कार्ट ८ डिलक्स — शर्यत

हे सुद्धा पहा

- गेमिंग कन्सोल
- निन्टेंडो
- प्लेस्टेशन
- एक्सबॉक्स
- फायनल फँटसी